घाणेरीची ओळख

‘लँटाना’ हे मुळात युरोपातील व्हायबर्नम या वेगळ्याच झुडपाचे जुने लॅटिन नाव. फुलांचे गुच्छ काहीसे तसेच दिसतात म्हणून लिनियसने १७५३ साली ते अमेरिकेतील एका झुडपाला दिले. तेच हे आपल्याकडील घाणेरी किंवा टणटणी.

सतराव्या शतकात डचांनी हे झुडूप युरोपात नेले. तेथील माळ्यांनी निरनिराळ्या प्रकारांचे संकर करून पिवळ्या, नारिंगी, गुलाबी फुलांची झुडपे तयार केली. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आले ते असे बागेत घडलेले झुडूप. दोन घाणेऱ्या एकमेकींसारख्या का दिसत नाहीत, याचे कारण या इतिहासात आहे. गुरे सहसा तोंड लावत नाहीत (भुकेपोटी खाल्लेच, तर त्यांचे यकृत बिघडते), म्हणून लोकांनी तिचे कुंपण केले. बुलबुलांनी काळी फळे खाऊन बिया रानात नेल्या.

ठाण्याच्या येऊरला किंवा कल्याणजवळ मलंगगडाच्या पायथ्याशी विद्यार्थ्यांना नेल्यास फुलांच्या रंगावर विसंबू नये. एकाच गुच्छात मधली नवी फुले पिवळी आणि कडेची जुनी नारिंगी किंवा गुलाबी असू शकतात. खोड पाहावे: कोवळी फांदी चौकोनी असते व तिच्यावर बहुधा खाली वळलेले बारीक काटे असतात. पाने समोरासमोर, दातेरी कडांची, पॉलिश पेपरसारखी खरखरीत. एक पान चुरगाळून हुंगावे. आपल्या लोकांनी ठेवलेले नाव लिनियसच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी आहे!

रानमोडीही अमेरिकेतूनच आलेली, पण तिला काटे नसतात. पान त्रिकोणी, तीन ठळक शिरांचे, आणि फुले हिवाळ्यात, पांढुरकी. खरी काळजी कारवीची. तिचीही पाने समोरासमोर व खरखरीत. फुले नसताना, श्रमदानाच्या उत्साहात, घाणेरी समजून तीच उपटली जाऊ शकते. कारवीला काटे नसतात आणि पाने बरीच मोठी असतात. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. सहाव्या वर्षी उपटलेल्या कारवीचे बी त्या उतारावर कधी पडतच नाही.

घाणेरी नुसती कोयत्याने छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. दिल्लीचे प्रा. सी. आर. बाबू यांच्या पद्धतीत जमिनीखाली दोन-तीन बोटे खोलवर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटे करून ठेवतात. हे काम फळे धरण्यापूर्वी करावे लागते.