प्रगत परिसर व्यवस्थापन (एएलएम)

मुंबईतील रहिवाशांचे गल्लीपातळीवरील गट आणि बृहन्मुंबई महानगरपालिका यांच्यातील सहकार्याची योजना. बोलण्यात तिला सर्रास ‘एएलएम’ (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) म्हणतात. पालिकेने १९९७ साली ती शहरभर लागू केली. त्याआधी घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करायला सुरुवात केली होती आणि एन विभाग कार्यालयाने त्यांना साथ दिली होती. योजनेचा नमुना तिथून आला.

एका एएलएममध्ये एक गल्ली किंवा लगतच्या काही इमारती, मिळून साधारण हजारभर लोक येतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेचा अंमल कुंपणाच्या आत चालतो. बाहेरचा पदपथ, गटार, दिव्याचा खांब हे विषय संस्थेच्या सभेत निघतात आणि तिथेच विरतात. त्यांची तड लावायला एएलएम उपयोगी पडते. रहिवासी आपली समिती निवडतात आणि विभाग कार्यालयात नोंद करतात. संस्था नोंदणी कायद्याखाली वेगळी नोंदणी केलीच पाहिजे असे नाही.

या गटांना पालिकेकडून रोख मदत फारशी मिळाली नाही. मिळाली ती अधिकाऱ्यांपर्यंत थेट पोहोचण्याची सोय, आणि तिचे मोल अनुदानापेक्षा जास्त ठरले. ठरावीक मुदतीने होणाऱ्या बैठकीत सहायक आयुक्त, म्हणजे लोकांच्या भाषेत वॉर्ड ऑफिसर, आणि घनकचरा, रस्ते, पाणी या खात्यांचे अभियंते एकत्र बसतात. समोर समितीच्या सचिव असतात, बहुधा गृहिणी किंवा निवृत्त शिक्षिका. हातात मागच्या बैठकीतल्या तक्रारींची यादी असते: तुंबलेले गटार, केबलसाठी खोदून तसाच सोडलेला चर, तारांवर टेकलेली फांदी. एरवी ‘बघतो’ म्हणून टोलवलेली तक्रार इथे इतिवृत्तात जाते आणि पुढच्या खेपेला पुन्हा समोर येते. अर्थात अधिकारी उत्साही असला तर. त्याची बदली झाली की पुन्हा ओळखीपासून सुरुवात, असा बहुतेक गटांचा अनुभव.

रहिवाशांनी या बदल्यात कचऱ्याची जबाबदारी घ्यायची असते. ओल्या कचऱ्यासाठी आवारात गांडूळखताचे खड्डे झाले; खड्डा हवा, पण आमच्या खिडकीखाली नको, यावरून सभाही रंगल्या. सुका कचरा कचरावेचकांकडे जातो. स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ उपक्रमातील महिलांनी अनेक ठिकाणी खतनिर्मितीचे कामही हाती घेतले. एएलएमच्या यशकथांत त्यांचा उल्लेख ओझरताच येतो.

झोपडपट्ट्यांसाठी पालिकेने वेगळी दत्तक वस्ती योजना आखली. २०१३ मध्ये तिचे ‘स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान’ असे नामांतर झाले. तिच्यात वस्तीतल्या संस्थांना सफाईसाठी पैसे मिळतात. स्वयंसेवक म्हणवणारे लोक तुटपुंज्या मानधनावर झाडलोट करतात. अधिकाऱ्यांबरोबर टेबलाशी बसण्याची सोय मात्र त्यात नाही. ईसा बॉड आणि नवतेज नैनन यांच्या २००८ मधील अभ्यासातही हीच दरी दिसते: मध्यमवर्गीय गट थेट प्रशासनाशी बोलतात, तर गरीब वस्त्यांची भिस्त नगरसेवकावर राहते. फेरीवाले हटवा, ही काही गटांची आवडती मागणी पाहता, एएलएम मध्यमवर्गाचेच हित पाहते या टीकेत तथ्य आहे.

नगरसेवकांशी संबंध पहिल्यापासून ताणलेले. आपल्याला वगळून अधिकाऱ्यांकडे जाणारे लोक त्यांना खटकणारच. रहिवासी गटांच्या चळवळीतून काही भागांत नागरिकांचा उमेदवार उभा करण्याची कल्पनाही पुढे आली. जुहूमध्ये २००७ च्या निवडणुकीत ॲडॉल्फ डिसोझा असे निवडूनही आले.

एएलएमला कायद्याचा आधार नाही. ती प्रशासकीय निर्णयावर चालते. मतदारांच्या सहभागासाठी क्षेत्रसभांची तरतूद २००९ साली महाराष्ट्राच्या कायद्यात आली, पण मुंबईत त्या प्रत्यक्षात उतरल्या नाहीत. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा दाद मागायला नगरसेवकही उरला नाही. तक्रार विभाग कार्यालयातच न्यायची होती आणि ती वाट एएलएमवाल्यांच्या पायाखालची होती.