रिकाम्या ओटीने परतलेल्या दोनशे ऐंशी जणी

२५ जुलै १९७८ च्या रात्री इंग्लंडमधील ओल्डहॅम या गिरणगावात लुईस ब्राऊनचा जन्म झाला. जगातले हे पहिले 'टेस्ट ट्यूब बेबी'. शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स आणि शल्यचिकित्सक पॅट्रिक स्टेप्टो यांची नावे घरोघरी पोचली. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिकही मिळाले. श्रोतेहो, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पण त्याला दुसरी बाजूही आहे.

एडवर्ड्स यांच्या वह्या अभ्यासकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये त्यातील आकडे प्रसिद्ध झाले. १९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रियांनी या प्रयोगांत भाग घेतला होता. गर्भाशयात भ्रूण सोडण्यापर्यंत मजल गेली ती ११२ वेळा. गर्भधारणा झाली पाच वेळा आणि सुखरूप जन्मली ती फक्त दोन मुले. उरलेल्या २८० जणी त्या काळात रिकाम्या ओटीने घरी परतल्या.

ठरावीक तासांनी लघवीचे नमुने द्यायचे, भूल घ्यायची, पोटावर छेद घ्यायचा आणि मग वाट पाहायची. हा सारा त्रास त्यांनी सोसला. त्यांच्या देहावरच हे शास्त्र उभे राहिले; पण त्यांची नावे कुठल्या फलकावर आली नाहीत. या संघातील तिसरी व्यक्ती जीन पर्डी ही मूळची परिचारिका. प्रयोगशाळेतले बारीक काम तिने सांभाळले. १९८५ मध्ये अवघ्या ३९ व्या वर्षी ती गेली आणि तिचेही नाव बरीच वर्षे मागेच राहिले.

मग या स्त्रियांच्या मनाकडे कोणी पाहिले? सुरुवात डॉक्टरांकडून नव्हे, तर सोसणाऱ्यांकडूनच झाली. १९७४ मध्ये अमेरिकेत बार्बरा मेनिंग या परिचारिकेने 'रिझॉल्व्ह' ही संस्था काढली. मूल न होण्याचे दुःख तिने स्वतः अनुभवले होते. धक्का, नकार, राग, एकटेपणा, अपराधीपणा आणि शोक या क्रमाने हे दुःख कसे येते, हे तिने लिहून ठेवले. जन्मालाच न आलेल्या मुलाचा शोक. त्याला ना सुतक, ना समाचाराला येणारी माणसे. म्हणूनच समदुःखी माणसांनी एकत्र बसून बोलावे, हा तिचा साधा उपाय होता.

पुढे कायद्यानेही ही गरज मानली. ब्रिटनमध्ये वॉर्नॉक समितीने १९८४ साली समुपदेशनाची शिफारस केली. १९९० च्या कायद्याने समुपदेशनाची संधी दिल्याखेरीज असे उपचार करू नयेत, असे ठरवले.

आपल्याकडे कोलकात्याला डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ऑक्टोबर १९७८ मध्येच मूल जन्मले. पण त्या काळी त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांना यश आले. त्यानंतर गावोगावी केंद्रे निघाली. मात्र यशाची शक्यता आणि उपचारांचे परिणाम यांविषयी जोडप्याचे समुपदेशन करणे केंद्रांवर बंधनकारक करणारा कायदा यायला २०२१ साल उजाडले.

कायदा दवाखान्याच्या दारापर्यंत येतो. घरात येत नाही. घरात अजून 'वांझ' हा शब्द आहे. डोहाळजेवणाला कोणाला ओटी भरू द्यायची नाही, हे ठरवणाऱ्या नजरा आहेत. दोष पुरुषात असला तरी बोलणी बाईनेच खायची, ही रीत आहे. आजही प्रत्येक प्रयत्नाला फळ येतेच असे नाही, आणि वाढत्या वयाबरोबर ती शक्यता घटत जाते. एखादा प्रयत्न फसून घरी आलेल्या सुनेला, लेकीला 'पुढच्या वेळी होईल' असे घाईने सांगण्यापेक्षा तिच्याजवळ नुसते बसावे. नवऱ्यालाही 'तू कसा आहेस?' असे विचारावे. आणि आता पुरे, असे त्या दोघांनी ठरवले, तर त्यांच्या त्या निर्णयाचाही मान राखावा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)