ढोल आणता येतो, पथक घडवावे लागते

गणेशोत्सव म्हटले की ढोल-ताशा, हे समीकरण आज इतके पक्के झाले आहे की ते लोकमान्यांच्या काळापासूनच चालत आले असावे, असे आपल्या मुलांना वाटते. प्रत्यक्षात १८९३ साली पुण्यात उत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि पुढच्याच वर्षापासून मिरवणुकीचे आकर्षण ठरले ते मेळे. एकसारख्या पोशाखातील मुले, हातात लेझीम किंवा टिपऱ्या आणि तोंडी त्या वर्षासाठी खास रचलेली पदे. आज आपण ज्याला ढोल-ताशा पथक म्हणतो, त्याचे वय जेमतेम पन्नास-साठ वर्षांचे आहे. दोन पिढ्यांपूर्वी पुण्यात जे नव्याने उभे राहिले, ते आपल्या हैदराबादेत उभे राहू शकेल का, हा प्रश्न आज आपल्या मंडळांपुढे आहे. म्हणून त्याचा इतिहास थोडा पाहू.

ढोल होताच, पण तो गावात होता. मुळशी, मावळ या भागांतील गावोगावी जत्रेला, पालखीला ढोल-लेझीमचे खेळ होत. शहरातली मंडळे मिरवणुकीसाठी ही गावची मंडळी बोलावीत, नाहीतर बँड लावीत. वाजवणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे, अशी ती वाटणी होती. ही वाटणी मोडली शाळेने. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि पुढे तेथील विद्यार्थ्यांच्या हाती ढोल, ताशा आणि बरची दिली. पांढरपेशा घरांतली, अभ्यासात पुढे असलेली मुले कमरेला ढोल बांधून रस्त्यावर उतरतात, हे त्या काळी नवलच होते. १९७०च्या दशकात मुलीही ढोल वाजवू लागल्या आणि घरच्या मोठ्यांना आणखी एक धक्का बसला. आज कोणत्याही पथकात मुली नसतील तर लोक विचारतात, हे त्या धाडसाचे फळ.

दुसरे उदाहरण आम्हाला अधिक जवळचे वाटते. १९७९ साली किशाभाऊ पटवर्धन यांनी पुण्यात स्व-रूपवर्धिनी सुरू केली, ती वस्त्यांमधील मुलांसाठी. ज्या घरांत अभ्यासाला जागा नाही आणि शिकवणीला पैसा नाही, त्या घरांतली ही मुले. त्यांच्यासाठी अभ्यासिका, खेळ, व्यायाम आणि त्याच जोडीला ढोल-ताशा. ज्यांच्या वाट्याला एरवी मिरवणुकीच्या कडेला उभे राहणे आले असते, ती मुले मिरवणुकीच्या मधोमध आली. रमणबाग, नूमवि, गरवारे प्रशाला या शाळांच्या नावांनीही पथके नावारूपाला आली, कारण शाळा सुटली तरी माजी विद्यार्थी ढोल सोडायला तयार नव्हते. नव्या पथकांत जुन्या पथकांतून शिकून बाहेर पडलेली माणसे होती. पथके वाढली ती अशी, एका दिव्याने दुसरा लावावा तशी.

पथक म्हणजे नेमके काय, हेही समजून घ्यायला हवे. ढोलाच्या एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप. पूर्वी पान चामड्याचे असे. भाद्रपदातल्या पावसाळी हवेत ते सैल पडे आणि पुन्हा पुन्हा ताणावे लागे, म्हणून आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम पान आले आहे. पण पथकाची सूत्रे ढोलाकडे नसतात, ती ताशाकडे असतात. गळ्यात अडकवलेला तो उथळ ताशा, हातात दोन बारीक काड्या. ताल सुरू कधी करायचा, बदलायचा कधी, थांबायचे कधी, हे ताशेवाला सांगतो आणि ढोल त्याच्या मागे जातात. ढोलावरचे साधे ठेके होतकरू मुलगा काही आठवड्यांत उचलतो, ताशाला मात्र वर्षे लागतात. पुण्यातली पथके गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून नदीकाठी पत्र्याच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी सराव करतात, ते याचसाठी. त्या सरावात वेळ पाळणे, ढोल उचलून ठेवणे, नवख्याला शिकवणे, मिरवणुकीत ध्वजामागे रांग न मोडणे हे सगळे येते. ढोल-ताशा हे निमित्त, खरी ती शाळाच.

आता आपल्याकडे वळू. हैदराबादेत सार्वजनिक गणेशोत्सव पुण्यापाठोपाठ आला. १८९५ साली शालीबंड्यात भारत गुणवर्धक संस्था स्थापन झाली आणि तिथल्या मराठी मंडळींनी उत्सवाला सार्वजनिक रूप दिले. पुढे केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा निघाली. पण निजामी राज्यात सभा-संमेलनांवर सरकारी परवानगीचा पहारा होता. १९२०च्या दशकातील गश्ती निशाण ५३ हा हुकूम आपल्या आजोबा-पणजोबांना चांगला ठाऊक होता. त्यामुळे इथल्या उत्सवाचा भर स्वाभाविकच व्याख्यान, कीर्तन आणि गायन यांवर राहिला. ती परंपरा फार मोलाची आहे, पण ती चार भिंतींच्या आतली होती. रस्त्यावर वाजवण्याची सवय आपल्याला लागली नाही.

सप्टेंबर १९४८ नंतर रस्ता मोकळा झाला. १९५४ साली खैरताबादेत फूटभर मूर्तीने उत्सव सुरू झाला, तो आज साऱ्या देशाला माहीत आहे. १९८०पासून बालापूर ते हुसेनसागर अशी संयुक्त विसर्जन मिरवणूक निघू लागली. तिच्यात डप्पू वाजला, बँड वाजला, पुढे ध्वनिवर्धकांच्या भिंती आल्या. काचिगुडा, सुलतानबाजार भागांतून दिलसुखनगर, सरूरनगरकडे राहायला आलेल्या आपल्या कुटुंबांनी ही मिरवणूक बहुधा कडेला उभे राहूनच पाहिली. अलीकडे महाराष्ट्रातून पथक बोलावण्याची प्रथा पडली आहे. तीन तास अंगावर काटा येतो, मुले नाचतात, फोनवर चित्रीकरण होते आणि रात्री पथकाची बस परत जाते. दुसऱ्या दिवशी आपल्या हाती काय उरते? पावती आणि चित्रफीत.

आपली जमीन मात्र नापीक नाही, हे आम्ही आवर्जून सांगू. आषाढात बोनालू आले की पोतराजूच्या पुढे डप्पूवर तीनमार घुमतो, त्यावर आपली मुले न शिकवता पाय धरतात. लग्नाच्या वरातीत मर्फा वाजतो. तो निजामाच्या लष्करातील हबशी आणि येमेनी अरब सैनिकांबरोबर इथे आला. ए. सी. गार्ड्स या वस्तीचे नावच मुळी आफ्रिकन घोडदळावरून पडले आहे. आणि ज्याला आपण अस्सल मराठी समजतो तो ताशाही नावाने फारसी-अरबी घराण्याचा, दख्खनमध्ये मोहरमच्या मिरवणुकांतही वाजत आलेला. तेव्हा हैदराबादेत ताशा म्हणजे परका पाहुणा नव्हे. शेजारचा तेलुगू मुलगा सरावाला आला तर त्याच्या हातात लय आधीच असणार. त्याला दाराबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

इथे एक दूरचे उदाहरण द्यावेसे वाटते. १८४५पासून उत्तर भारतातले मजूर गिरमिटावर त्रिनिदाद बेटावर नेले गेले. त्यांच्याबरोबर ताशाही गेला. तिथे त्याला ‘तासा’ म्हणतात. दोन ताशे, एक मोठा ढोल आणि झांज, असा त्यांचा संच असतो. आजही तिथल्या लग्नांत आणि होसे म्हणजे मोहरमच्या मिरवणुकीत तो जोमाने वाजतो. पण त्या मजुरांची भोजपुरी बोली तिथल्या घरांतून जवळजवळ नाहीशी झाली. ढोल टिकला आणि भाषा गेली. आमच्या मते आपल्यासारख्यांसाठी हा धडा दुहेरी आहे. वाद्य पिढ्यान्‌पिढ्या तग धरते, हा दिलासा. पण नुसते वाद्य शिकवले तर नुसते वाद्यच उरते, हा इशारा. सराव मराठीत व्हावा, ठेक्यांची नावे आणि मोजणी मराठीत व्हावी, सरावानंतरची अर्ध्या तासाची गप्पाही मराठीत व्हावी. आपल्या घरांत तिसरी-चौथी पिढी शाळेत इंग्रजी, गल्लीत तेलुगू-हिंदी आणि आजीशी तेवढी मराठी बोलते. आजीखेरीज मराठी बोलायला आणखी एक जागा, हा पथकाचा सर्वांत मोठा उपयोग आहे.

मग सुरुवात कुठून करावी? पहिला खर्च ढोलांवर करू नये. आधी एक चांगला ताशावादक नांदेड, सोलापूर किंवा पुण्याहून सुट्टीत काही आठवडे बोलवावा आणि आपल्यातल्या दोन-तीन जणांना तयार करावे. यात निदान एक मुलगी असावी. आठ-दहा ढोलांनी आरंभ होऊ शकतो. दुसरी अडचण जागेची. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री दहानंतर मोकळ्या जागेत वाद्ये वाजवता येत नाहीत. त्यामुळे वस्तीपासून दूरची जागा, लेखी परवानगी आणि लवकर संपणारा सराव हवा. हा वाद पुण्यातही आहे. २०२४ साली हरित लवादाने तेथील एका पथकात तीसच वादक असावेत असा आदेश दिला आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. न्यायालयाने काहीही ठरवले तरी शेजारच्या घरातले आजारी माणूस आणि परीक्षेला बसलेले मूल यांचा विचार आपणच करायचा आहे. लहान, शिस्तीचे पथक हे शंभर ढोलांच्या गोंगाटापेक्षा केव्हाही बरे.

बाहेरचे पथक बोलावू नये, असे आमचे म्हणणे नाही. पण त्या बिदागीतला निम्मा भाग तीन वर्षे बाजूला ठेवला, तर आपल्या मुलांचे पथक उभे राहू शकते. पहिल्या वर्षी ठेका चुकेल, दुसऱ्या वर्षी ताशा मागे पडेल. पुण्यातल्या शाळांच्या मैदानांवरही पहिल्या संध्याकाळी असेच झाले असणार. उत्सव संपल्यानंतर मंडळाची जी बैठक होते, तिच्यात हा विषय घ्यावा आणि ज्या घरांत बारा ते अठरा वर्षांची मुले-मुली आहेत त्यांनी आपली नावे त्याच दिवशी द्यावीत, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!