दम आधी परततो, आरसा नंतर

शाळेत कबड्डीच्या संघात असलेला, महाविद्यालयाच्या दिवसांत पावसाळ्यातला प्रत्येक रविवार गडावर घालवणारा मुलगा नोकरीला लागतो. दोन-तीन वर्षे रात्रपाळीत जातात. कंपनीच्या गाडीने जाणे-येणे, मध्यरात्री कँटीनमधला सामोसा, दुपारी दोनपर्यंत झोप. मग एके दिवशी लिफ्ट बंद असते आणि चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्याला कठडा धरून थांबावे लागते. त्याच वयाच्या मुलीला हीच जाणीव वेगळ्या वाटेने होते. जुना ड्रेस बसत नाही, किंवा लग्नाच्या बोलणीत कुणीतरी ‘जरा बारीक व्हायला हवं’ असे तोंडावर सांगून मोकळे होते. शरीर सुटल्याचे दुःख दोघांनाही असते. त्याहून मोठी अडचण पुढे येते. ज्या मैदानावर एकेकाळी सहज उतरायचो, तिथे आता चारचौघांत पाऊल टाकण्याची लाज वाटू लागते. लाजेमुळे व्यायाम सुटतो, व्यायाम सुटला की शरीर आणखी सुटते, आणि लाज वाढत जाते.

ही स्थिती अपवादात्मक नाही. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील सुमारे ४९ टक्के प्रौढ आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करीत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या, तर पुरुषांमध्ये ४२ टक्क्यांच्या आसपास होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ या वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे आढळले. व्यायामशाळेत शिरताना ‘सगळे आपल्याकडेच पाहत आहेत’ असे ज्याला वाटते, त्याच्यासारख्याच अवस्थेत देशातले कोट्यवधी लोक आहेत.

पलंगावरचे तीन आठवडे

गेलेली ताकद परत येते का, या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर अमेरिकेतील डॅलस येथे मिळाले. १९६६ मध्ये तेथील संशोधकांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवले. तेवढ्या काळात त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपण ज्याला ‘दम’ म्हणतो ती, एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा तपासण्यात आले. आता ते पन्नाशीत होते, वजने वाढलेली होती. तरीही तीस वर्षांच्या वाढत्या वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याइतकी नव्हती. पुढे सहा महिने चालणे, धावणे आणि सायकल असा बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम त्यांच्याकडून करवून घेतला, तेव्हा वयामुळे घटलेला दम भरून निघाला आणि ते विशीतल्या मूळ पातळीवर पोहोचले.

माणसे जेमतेम पाच, त्यामुळे या प्रयोगावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण पन्नाशीत जे जमले ते सत्ताविसाव्या वर्षी जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. ‘वय झालं’ हे तिशीच्या आतल्या तरुणांच्या तोंडी अलीकडे फारच लवकर येते.

आधी काय बदलते?

बहुतेक जण इथेच फसतात. व्यायाम सुरू केला की माणूस रोज आरशात पाहतो, आठवड्याला वजनकाट्यावर उभा राहतो. दोन्हींत काही फरक दिसत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बूट पुन्हा कपाटात जातात. वास्तविक तोपर्यंत शरीरात बरेच काही बदललेले असते. मोरितानी आणि डीव्रीस या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेमुळे वाढते. आहेत त्याच स्नायूंना मेंदू अधिक चांगल्या रीतीने कामाला लावू लागतो. स्नायूंचा आकार वाढण्याचा वाटा त्यानंतर, साधारण तीन ते पाच आठवड्यांनी मोठा होऊ लागतो. कंबरेचा घेर कमी व्हायला त्याहूनही वेळ लागतो. थोडक्यात, जिना चढताना लागणारी धाप आधी कमी होते, दंडातले बळ मग जाणवते आणि आरसा सर्वांत शेवटी बोलतो.

आत्मविश्वासाचा या क्रमाशी थेट संबंध आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या खात्रीविषयीचा आपला सिद्धान्त मांडला. ही खात्री दुसऱ्याला पाहून, कुणी धीर दिल्याने किंवा स्वतःच्या शरीराच्या अवस्थेवरूनही मिळते. पण सर्वांत भक्कम आधार असतो तो स्वतः काहीतरी प्रत्यक्ष पार पाडल्याचा. म्हणून ‘पाच किलो उतरले की आत्मविश्वास येईल’ हा हिशेब उलटा आहे. मागच्या सोमवारी तीन जोर निघत होते, या सोमवारी पाच निघाले, एवढ्यानेही मनाला हवा असलेला पुरावा मिळतो. आणि तो वजन उतरण्याच्या कितीतरी आधी मिळतो. वहीत किलोऐवजी जोर, पायऱ्या आणि मिनिटे लिहावीत.

वजनकाटा तसाही पूर्ण खरे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे त्या एका चित्राने जगाला समजावले. याच कारणाने भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्सची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरली जाते आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. शिंप्याकडची टेप या कामी वजनकाट्यापेक्षा उपयोगी पडते.

कुठून आणि किती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरायची नाही, ही जुनी अट या सूचनांनी काढून टाकली. बसथांब्यापासून घरापर्यंतची सात मिनिटेही आता जमेस धरता येतात. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत.

स्नायूंच्या बळासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, आणि कोल्हापुरातल्या तालमी तर गल्लोगल्ली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यासच घेतला होता. संस्थानातील शाळांत त्यांनी तो रुजवला, आणि त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघाले. सतरंजीएवढ्या जागेत, कुणाच्याही नजरेला न पडता करता येणारा हा व्यायाम लाजऱ्या माणसासाठी पहिली पायरी म्हणून उत्तम. मात्र पहिल्याच दिवशी १०८ चा संकल्प सोडू नये. पाच किंवा सहा पुरेत. जमिनीवर जोर निघत नसतील तर भिंतीला हात टेकून काढावेत, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. बैठकांसाठी प्रारंभी खुर्चीवर बसून उठणे चालते.

सवय २१ दिवसांत लागते, असे सर्रास सांगितले जाते. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात मात्र मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला, आणि व्यक्तीनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या जडणघडणीत विशेष बाधा आली नाही, हा त्यातला भाग अधिक महत्त्वाचा. गुरुवार बुडाला म्हणून आठवडाच सोडून देणारे अनेक असतात.

मुलींपुढचा प्रश्न निराळा आहे. पहाटे अंधारात एकटीने फिरायला जाणे सगळीकडे सुरक्षित नसते, संध्याकाळी घरकाम वाट पाहत असते, आणि मैदाने क्रिकेटवाल्यांनी व्यापलेली असतात. ‘इच्छा असेल तर वेळ मिळतो’ असे त्यांना सुनावणे हा कोडगेपणाच म्हटला पाहिजे. दोघी-तिघींनी मिळून ठरलेल्या वेळी बाहेर पडणे हा त्यातला त्यात टिकणारा मार्ग. घरातल्यांनी तो अर्धा तास मोकळा करून द्यावा, हे सांगायलाच हवे.

ताटाचा हिशेब

केवळ चालून वजन उतरेल ही आशा फोल ठरते. अर्ध्या तासाच्या भरभर चालण्यात साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट असतात. तरीही उपाशी राहणे हा उपाय नाही. अशाने चरबीबरोबर स्नायूही झिजतात, चिडचिड वाढते आणि दोन महिन्यांत वजन मूळपदावर येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दररोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. पोळी-भाजी-भाताच्या ताटात ती अनेकदा कमी पडतात. घट्ट वरण, मोड आलेली मटकी, दही, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर अंडी, एवढ्यात ती भरून निघतात. प्रथिनांच्या डब्यांची गरज नाही. स्नायू वाढवण्यासाठी अशी पूरके घेणे टाळावे, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही म्हटले आहे. व्यायामशाळेत ‘लवकर रिझल्ट’च्या नावाखाली पुढे केली जाणारी इंजेक्शने तर दुरूनच नमस्कार करण्याच्या लायकीची. स्टेरॉइडचे दुष्परिणाम हृदय, यकृत आणि प्रजननक्षमता या सर्वांवर होतात.

कधी थांबावे

जुना खेळाडू पुन्हा सुरुवात करतो तेव्हा मनाला जुनी ताकद आठवत असते, शरीराला नाही. स्नायू लवकर सावरतात. स्नायुबंध आणि सांधे मागे राहतात. पहिल्याच आठवड्यात शंभर बैठका मारून गुडघा धरून बसणारे याच कारणाने दिसतात. अति व्यायामानंतर अंग असह्य दुखून लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाल्यास तडक रुग्णालय गाठावे. स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असू शकते. छातीत दुखणे, चक्कर, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असणे, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. आहार-व्यायाम सांभाळूनही वजन वाढतच असेल तर थायरॉइडची, आणि मुलींची पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. काही वेळा मूळ दुखणे शरीराचे नसतेच. आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठावेसे वाटत नसेल, कशातच रस उरला नसेल, तर तो आळस समजू नये. अशा वेळी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर निःशुल्क बोलता येते.

स्वतःची प्रगती अजमावण्यासाठी पुणेकरांना पर्वतीसारखी सोपी जागा नाही. पायऱ्या १०३, आणि त्या बदलत नाहीत. पहिल्या दिवशी किती ठिकाणी थांबावे लागले ते लिहून ठेवायचे आणि दर रविवारी, त्याच सुमारास, पुन्हा मोजायचे. इतर गावांत एखादी टेकडी, घाट किंवा बंद पडलेल्या लिफ्टची इमारतही चालेल.