एकल मातांचे स्वावलंबन आणि व्यवसायशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(विशेष संदर्भ : गोसीखुर्द परिसर)

एकल मातेचा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम आश्रयाचा प्रश्न म्हणून पुढे आला. १८६३ मध्ये महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवा माता व तिचे मूल यांचे प्राण वाचविणे हा त्याचा प्रधान हेतू होता. प्रसूतीनंतर त्या मातेने जगावे कशावर, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला.

त्याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या कार्यात आढळते. १८८२ मध्ये पतिनिधनानंतर त्या स्वतः एका तान्ह्या मुलीसह एकट्या पडल्या होत्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन स्थापन केले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार स्त्रिया व मुली केडगावला आणल्या. भंडारा जिल्हा त्या काळी याच प्रांतात होता. केडगावच्या मुक्ती सदनात विणकाम, शिवणकाम, शेती, दुग्धव्यवसाय व मुद्रण ही कामे स्त्रियांना शिकविली गेली. तेथे मुलांच्या शिक्षणाचीही सोय होती. आईच्या प्रशिक्षणाला मुलांच्या संगोपनाची जोड मिळाली, हे या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य होय.

विदर्भात ही परंपरा १९२१ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या मातृ सेवा संघाने पुढे नेली. संस्थापिका कमलाताई होस्पेट यांना अल्पवयातच वैधव्य आले होते. परिचर्येचे शिक्षण घेऊन त्यांनी व वेणूताई नेने यांनी हे कार्य उभारले. ज्या स्त्रीला समाज ओझे मानत होता, तिला परिचारिकेच्या व्यवसायाने समाजाची गरज बनविले.

या पार्श्वभूमीवर गोसीखुर्दकडे पाहणे उद्बोधक ठरते. पवनी तालुक्यात वैनगंगेवरील या प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली व २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जलाशयामुळे अनेक गावे विस्थापित झाली. जमीन व घर यांचा मोबदला मोजता येतो; परंतु रोवणी-कापणीची मजुरी, उधारी देणारा ओळखीचा दुकानदार आणि मूल सांभाळणारी शेजारीण यांची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. एकल मातेचा संसार मात्र नेमका यांवरच उभा असतो.

म्हणून अशा परिसरात केवळ शिवणयंत्रांचे वाटप पुरेसे ठरत नाही. परिसरात मागणी असलेले कौशल्य, प्रशिक्षणकाळात मुलांची सोय आणि मिळकतीवर स्त्रीचा स्वतःचा हक्क या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. जिल्ह्यातील आंधळगावचे कोसा विणकाम हे स्थानिक कौशल्याचे जवळचे उदाहरण आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांमुळे बचत व कर्जाचा मार्गही खुला झाला. संस्थेचे यश प्रशिक्षित स्त्रियांच्या संख्येवरून नव्हे, तर किती स्त्रियांना पुन्हा संस्थेच्या दारी यावे लागले नाही, यावरून मोजणे इतिहासाला धरून होईल.