प्राइड परेडला पहिल्यांदा, मित्राच्या सोबतीने : तिथे नेमकं काय असतं?

पूर्णा जंक्शनवरून संध्याकाळी देवगिरी एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई येते. परभणी जिल्ह्यातल्या या रेल्वेच्या गावातून शिक्षण, नोकरी, दवाखाना अशा कामांसाठी लोक हा प्रवास करतच असतात. एखाद्या समलैंगिक किंवा पारलिंगी तरुणाला प्राइड परेड, म्हणजे एलजीबीटीक्यू समुदायाची पदयात्रा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असेल तर त्यालाही हीच वाट धरावी लागते. एकट्याने जायची भीती वाटते, म्हणून सोबत एक विश्वासू मित्र किंवा मैत्रीण असते. पुष्कळदा घरच्यांच्याही आधी या माणसाला सगळं कळलेलं असतं.

भारतातली पहिली प्राइड पदयात्रा २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात निघाली. तिचं नावच ‘फ्रेंडशिप वॉक’ होतं, आणि चालणारे होते जेमतेम पंधरा. समलैंगिक संबंध तेव्हा कायद्याने गुन्हा होते, त्यामुळे मैत्रीच्या नावाखाली चालणं सोयीचंही होतं. प्राइडची मूळ तारीख मात्र अमेरिकेतली आहे. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांनी छापा घातला, तिथल्या लोकांनी प्रतिकार केला आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी मोर्चा काढला. म्हणून जगभर जून हा प्राइडचा महिना मानतात. मुंबईत जूनमध्ये पावसाळा लागतो. इथला मोर्चा पुढे जानेवारी-फेब्रुवारीत निघू लागला.

मुंबईत पहिला ‘क्वीअर आझादी मार्च’ १६ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, निघाला. ऑगस्ट क्रांती मैदान ते गिरगाव चौपाटी असा तो मार्ग होता. जागा आणि दिवस यांची निवड बोलकी होती. कलम ३७७ हा १८६० चा, इंग्रजांनी केलेला कायदा, आणि ‘चले जाव’चा पुकारा ज्या मैदानात झाला तिथूनच त्याविरुद्ध चालायचं! पुण्यात २०११ मध्ये समपथिक ट्रस्टच्या पुढाकाराने पदयात्रा सुरू झाली, नागपुरात २०१६ मध्ये. पुण्याच्या आयोजकांनी साध्या कपड्यांचा आग्रह धरला होता. त्यावरून समुदायातच बरीच वादावादी झाली. शहराशहराचा बाज असा वेगळा असतो.

तिथे काय होतं?

तिकीट नसतं. मुंबईच्या मोर्च्यासाठी ऑगस्ट क्रांती मैदानात दुपारी लोक जमतात. जवळचं स्टेशन ग्रँट रोड, त्यामुळे मराठवाड्यातून येणाऱ्याने दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल घ्यावी. पोलिसांची परवानगी मिळाल्यावरच तारीख आणि मार्ग पक्का होतो, म्हणून आयोजकांची घोषणा पाहूनच तिकीट काढलेलं बरं. २०२० मध्ये या मैदानातून मोर्चाची परवानगी नाकारली गेली आणि ऐनवेळी आझाद मैदानात नुसतं जमावं लागलं होतं.

१४ एप्रिलची मिरवणूक पाहिलेल्या पूर्णेकराला हे सगळं फार परकं वाटणार नाही. ढोल असतात, नाच असतो, घोषणा असतात आणि मागण्यांचे फलकही असतात. मिरवणूक आणि मोर्चा यांच्या मधलं काहीतरी. फरक असा, की तिथे नटूनथटून आलेली माणसं असतात तशी ऑफिसचा शर्ट घालून आलेलीही असतात. ‘माझ्या मुलाचा मला अभिमान आहे’ अशा अर्थाचा फलक धरलेले आई-वडीलही दिसतात. पहिल्यांदा येणाऱ्याला रंगीबेरंगी कपड्यांपेक्षा हेच दृश्य जास्त लागतं.

नुसतं चालल्याबद्दल पोलीस पकडतील का, हा प्रश्न सोबत्याच्याही मनात असतो. परवानगी घेतलेल्या मोर्च्यात शांतपणे चालणं गुन्हा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी, म्हणजे ‘फ्रेंडशिप वॉक’च्या बरोबर दहा वर्षांनी, प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल फिरवला आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. लग्नाची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाली नाही.

खरी भीती फोटोची

कायद्याचं उत्तर सोपं आहे. गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपला चेहरा पोहोचला तर काय, याचं उत्तर सोपं नाही. मोर्चा भर रस्त्यावरून जातो, वर्तमानपत्रांचे आणि वाहिन्यांचे कॅमेरे असतात, आणि सार्वजनिक जागी फोटो काढायला सहसा कुणी परवानगी विचारत नाही. सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी जण मुखवटे घालून चालायचे ते याचमुळे. आजही मास्क, गॉगल किंवा चेहरा रंगवणं यात कमीपणा काही नाही. कॅमेरे बहुधा मोठ्या बॅनरपाशी, नटलेल्या लोकांभोवती घोळके करतात. गर्दीच्या मधोमध चालणारा कमी दिसतो. तेवढंही नको असेल तर फुटपाथवर उभं राहून पाहता येतं. रस्त्यात उतरायचं की नाही हे तिथे गेल्यावर ठरवलं तरी चालतं.

सोबत्याने काय करावं?

मित्र स्वतः समलैंगिक नसला तरी त्याला कुणी अडवत नाही. पण त्याचाही फोटो निघू शकतो आणि गावात त्याच्याबद्दलही कुजबूज होऊ शकते. याचा विचार त्याने गाडीत बसण्याआधीच केलेला बरा, नाहीतर मैदानाच्या दारात पाय मागे पडतो आणि ते दुसऱ्याला फार लागतं.

बाकी काम छोटं आहे. कॅमेऱ्याच्या बाजूने आपण चालायचं. सेल्फी काढली तरी मागे अनोळखी चेहरे असतील तर ती स्टेटसला लावायची नाही. कुणाला ‘तू नक्की कोण?’ असं विचारायचं नाही. सोबतच्याला मध्येच रडू आलं किंवा तासाभरात निघावंसं वाटलं, तर कारण न विचारता निघायचं. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवून ठेवायची, कारण ढोलांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही.

आणि घरी काय सांगायचं तेही दोघांनी परतीच्या गाडीतच ठरवून घ्यावं. एकाने परीक्षेचं कारण सांगितलं आणि दुसऱ्याने लग्नाचं, असं व्हायला नको.