मळी, पेट्रोल आणि रबराची नळी

१/ २००१ साली केंद्र सरकारने पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प हाती घेतले. त्यासाठी देशात तीन ठिकाणे निवडली गेली : उत्तर प्रदेशातील आंवला-बरेली, सांगली जिल्ह्यातील मिरज आणि नाशिक जिल्ह्यातील मनमाड. जुन्या मोटारींच्या इंजिनाला आज लागणाऱ्या आगींचा एक धागा थेट या प्रयोगाशी जाऊन पोहोचतो.

२/ याच नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर उद्योग उभारला. पुढे १९४४ साली त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज व प्लिमथ, नंतर फियाट ११०० आणि १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ बाहेर पडली. ऊस आणि मोटार हे एकाच उद्योजकाचे दोन उद्योग. अर्धशतकानंतर ते एकमेकांसमोर उभे ठाकतील, याची कल्पना तेव्हा कोणाला असणार?

३/ फियाटची इंधनव्यवस्था साधी होती. टाकी मागे, इंजिन पुढे. इंजिनाच्या गतीवर चालणारा पडद्याचा यांत्रिक पंप पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरच्या वाटीत सोडतो. वाटी भरली की तरंगता फ्लोट वर येतो आणि सुई वाट बंद करते. धातूच्या नळ्यांना जोडणारे तुकडे, पंपातील पडदा, काही सांधे हे सारे रबराचे. आराखडा करताना डोळ्यांसमोर होते ते निव्वळ पेट्रोल.

४/ जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला, तर २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते, मऊ पडते आणि पुढे त्याला चिरा जातात. ते हवेतील पाणी शोषते, त्यामुळे टाकी आतून गंजते. टाकीच्या तळाशी साचलेला जुना थर सुटतो, त्याचा कण सुईखाली अडकतो आणि वाटी भरून पेट्रोल बाहेर वाहू लागते. अर्थात सारा दोष इथेनॉलचा नव्हे. वय आणि उष्णता यांनीही रबर कडक होतेच.

५/ पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंशांनाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने इंजिनाच्या खोबणीत साचून राहते. जवळच तापलेला एक्झॉस्ट असतो, डायनामो असतो आणि जीर्ण वायरींतून उडणारी ठिणगी असते. म्हणून बॉनेटजवळ येणारा पेट्रोलचा वास ‘जुन्या गाडीचा स्वभाव’ मानणे घातक ठरते. तो गळतीचा पहिला आणि बहुधा एकमेव इशारा असतो.

६/ उपाय मात्र अवघड नाहीत. जुन्या रबरी नळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी काढून टाकाव्यात आणि इथेनॉल सोसणाऱ्या, आतून फ्लोरो-रबराचा थर असलेल्या नळ्या बसवाव्यात. पंपाचा पडदा व कार्ब्युरेटरची सुईही त्याच वेळी बदलावी. क्लिपा घट्ट कराव्यात, नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी. बॅटरीला तोडस्विच आणि हाताशी पावडरचे अग्निशामक असावे. आग लागलीच तर प्रथम इंजिन बंद करावे, म्हणजे यांत्रिक पंपही थांबतो. सर्वांनी उतरून दूर जावे आणि बॉनेट पूर्ण उघडू नये. उघडताच आत हवा शिरते व ज्वाळा भडकते.

७/ २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. त्यामुळे मूळ सुटा भाग जपण्याचा मोह वाढतो आणि जुनी नळी ‘अस्सल’ म्हणून तशीच ठेवली जाते. पण त्या नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनातील मोठ्या बदलांवर आहे. झिजणारी नळी हा वारसा नव्हे. ती वेळेवर बदलली, तरच बाकीचा वारसा उरतो.